मागच्या रांगेला दिसलं पाहिजे

माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला बाबलकाकांनी अंगठी उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "चांगली आहे. पण मागच्या रांगेला दिसणार नाही." मुलाकडची मंडळी वळून रांग शोधायला लागली.

बाबल परब म्हणजे आमच्या परळच्या चाळीतले शेजारी. जन्मभर त्यांनी नाटकांची प्रॉपर्टी सांभाळली, म्हणजे स्टेजवरचा टेलिफोन, पिस्तूल, देव्हारा सगळं यांच्या ताब्यात. त्यामुळे खऱ्या वस्तूंना ते फारशी किंमत देत नाहीत. घरातलं घड्याळ कायम सात दहा दाखवतं, कारण आत मशीनच नाही. पेढा म्हणजे उकडलेला बटाटा आणि दारू म्हणजे कोरा चहा. माझे वडील गेले तेव्हाही हार बघून म्हणाले, "जाड आण गो. मागच्या रांगेला दिसला पाहिजे." मी त्या दिवशी रडता रडता हसले, ते पाप त्यांच्या माथी.

तर आमच्या नाट्यगृहाचं छप्पर गळायला लागलं आणि निधीसाठी समितीने व्हिस्की आणि चीज चाखण्याचा कार्यक्रम काढला. गिरण्यांच्या जागी झालेल्या टॉवरमधले लोक बोलवायचे होते, ते सत्यनारायणाला थोडेच येणार? मी समितीची बिनपगारी चिटणीस, म्हणून धावपळ माझ्या गळ्यात. मुख्य आकर्षण नाना केरकर. स्टेजवर दारुडा करावा तर नानांनीच. तिकिटावर छापलंच होतं, नानांबरोबर पहिला घोट.

गोची एवढीच, की नानांनी तीच भूमिका स्टेजबाहेरही वर्षानुवर्षं केली होती. तिकिटं खपल्यावर काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की नानांचं लिव्हर गेलंय, पिणं सुटलंय आणि डॉक्टरांनी एक घोटही नको म्हणून बजावलंय. नानांना नाट्यगृहाला नाही म्हणवलं नाही आणि कारण सांगायची लाज वाटली.

"नानाचो ग्लास मी बगतंय," काका म्हणाले. "तू गप ऱ्हव."

रविवारी संध्याकाळी मी पोचले, तर काका विंगेत बसून चीज खरवडत होते. निळ्या रेषांचं महागडं चीज, आणि निळं तेवढं सगळं कचऱ्यात. "बुरशी लागली होती," ते म्हणाले. "लोकांना काय पण खायला घालता."

कार्यक्रम स्टेजवरच होता. टेबलं मांडलेली, मधोमध नाना. ग्लास काकांनी आधी भरून ठेवायचे असं ठरलं होतं, पण व्हिस्की समजावून सांगायला आलेल्या बो लावलेल्या शहाण्याने ऐन वेळी स्वतःच्या हाताने ओतायला घेतली. नानांच्या ग्लासात खरी व्हिस्की पडली. मी विंगेत बघितलं, काका गायब.

"आधी नुसता रंग बघा," शहाणा म्हणाला. नाना बघत होते. त्यांचा हात ग्लासाकडे सरकत होता.

तेवढ्यात लाइट गेले. लोक "अरे अरे" करेपर्यंत आलेही. लाइटवाला काकांचा जुना दोस्त. दोन प्रवेशांमधल्या काळोखात काका अख्खा दिवाणखाना बदलायचे, तिथे एक ग्लास किस झाड की पत्ती. पण बदलला की नाही, मला कसं कळणार?

नानांनी घोट घेतला, डोळे मिटले. "धूर," ते म्हणाले. "ओलं लाकूड. शेवटी किंचित मध." शहाणा भारावून गेला. असा जाणकार पाहिला नाही म्हणाला. टाळ्या पडल्या.

संपल्यावर मी मेकअपरूमकडे धावले. काका बेसिनपाशी ग्लास विसळत होते. मागोमाग नाना आले.

"बाबल, चहात आलं कमी घातलंस."

"घाईत होतो रे."

मी सुटकेचा श्वास टाकला. नाना मात्र खुर्चीत बसले ते खाली बघतच बोलले. "मी उचलणार होतो, बाबल. काळोख झाला नसता तर प्यायलो असतो."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "म्हणून तर केला काळोख." त्यांनी ओल्या हातानेच नानांच्या खांद्यावर थोपटलं. मग माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. "काय गो, मागच्या रांगेला काय दिसलं नाय ना?"

"नाही काका," मी म्हणाले.

"मग झालं." थर्मासमधला उरलेला कोरा चहा त्यांनी तीन ग्लासांत ओतला आणि माझा ग्लास देण्याआधी सवयीने दिव्यासमोर धरून रंग बघितला.