लटारूचे दोन कोंबडे

खुशालच्या सुनेला जुळं झालं ते वर्ष दोन हजार बावीस. आषाढात ती बाळंत झाली, सावली गावच्या दवाखान्यातून दोन नाती घरी आल्या आणि त्याच आठवड्यात चिखलबोडीचा तलाव भरला. तलाव भरला की गावातला फुटबॉल बंद होतो, कारण गावाचं मैदान तलावाच्या पोटात आहे. माघात पाणी आटतं, चिखल वाळून कडक होतो, मग बांबूचे खांब रोवले जातात आणि चैत्र संपेपर्यंत खेळ चालतो. बाकीचे महिने तिथे मासे असतात. त्या काळात फुटबॉल तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, रुखमाबाईच्या टपरीत, चहा पीत, तोंडाने खेळला जातो.

त्या पावसाळ्यात बोलायला पुष्कळ होतं. करोनाची दोन वर्षं सोडली, तर वैनगंगेपलीकडच्या हरणटोल्याकडून गाव लागोपाठ तिसरी फायनल हरलं होतं. दोन्ही गावांत जुनी रीत आहे, की हरलेल्या टीमच्या कारभाऱ्याने जिंकलेल्या गावाची पंगत स्वतःच्या हाताने वाढायची. चिखलबोडीच्या टीमचा कारभारी खुशाल. तिन्ही वेळा तो वरणाची बकेट घेऊन हरणटोल्याच्या पंगतीत वाकत फिरला होता. तिसऱ्या वेळी तिकडच्या एका म्हाताऱ्याने पत्रावळीवरून मान वर करून म्हटलं होतं, "खुशालभाऊ, मागच्या खेपी वरण घट्ट होतं जी." खुशालला हरण्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. चौथ्यांदा आपण बकेट धरणार नाही, हे तो टपरीत रोज एकदा तरी सांगे.

पण धरायची वेळ येईल अशीच चिन्हं होती. गोल मारणारा विक्की घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर लागला होता. बचावातले दोन भाऊ कोरपन्याकडे सिमेंटच्या कामावर गेले होते. राहिले त्यांत एक जण पळायचा, पण चेंडूच्या उलट दिशेला.

सूरज नावाचा एक जण टपरीत कायम मोबाईल घेऊन बसलेला असे. त्याने सांगितलं, की परदेशात याच दिवसांत टीमवाले दुसऱ्या टीमचे खेळाडू विकत घेतात. खुशाल म्हणाला, की इकडे विकत बैल मिळतो, माणूस मिळत नाही. मग सूरजने पुढचं वाचलं. तिकडे एका सामन्याला रेफरीला किती पैसे देतात, तो आकडा त्याने दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसला नाही.

नेमका त्या वेळी लटारू टपरीच्या कोपऱ्यात जाळं दुरुस्त करत बसला होता. लटारू सव्वीस वर्षं या दोन गावांच्या फायनलचा रेफरी होता. त्याचा मेहनताना एक कोंबडा. सामना सुरू होण्याआधी तो मैदानाच्या कोपऱ्यावरच्या खुंटीला बांधायचा, आणि संपल्यावर लटारूने सोडून घरी न्यायचा. सव्वीस वर्षांत लटारूने कधी दुसरं काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी त्याने सूरजला आकडा तिसऱ्यांदा वाचायला लावला, जाळ्याला दोन गाठी मारल्या आणि म्हणाला, "मंग मले दोन पायजे."

टपरीत वाद सुरू झाला तो चार वाजेपर्यंत चालला. सूरज लटारूच्या बाजूने होता, कारण आकडा त्याने वाचला होता. रुखमाबाईचं म्हणणं, की लटारूभाऊंच्या गुडघ्याला तेलच इतकं लागतं, की एक कोंबडा त्यातच जातो. कोणी म्हणालं, रेफरी पळतो तेवढाच कोंबडाही पळतो, मग कोंबड्याला काय द्यायचं? खुशाल मात्र चिडलेला होता. मागच्या फायनलमध्ये लटारूनेच आपल्या गावावर पेनल्टी दिली होती.

"आपल्याच गावचा मानूस आपल्याच गावावर शिट्टी वाजवते," खुशाल म्हणाला, "आन त्याले वाढवून द्याचं?"

"हात लागला होता, खुशाल," लटारू म्हणाला.

"लागला होता, मी कोठी नाई म्हनतो? पर तुलेच दिसाले पायजे काऊन?"

लटारूने जाळ्याला आणखी एक गाठ मारली. एकच कोंबडा, असा निकाल झाला. त्याने जाळं खांद्यावर टाकलं आणि चहा अर्धा ठेवून निघून गेला.

दसऱ्याच्या सुमारास खुशालला युक्ती सुचली. खेळाडू विकत मिळत नाही, पण जावई आणता येतो. इकडे ज्या घरात मुलगा नाही तिथे जावई येऊन राहतो. तो त्या गावात मासे धरतो, त्या गावात मत देतो, आणि खेळतोही त्या गावाकडूनच. हरणटोल्याचा प्रणित, ज्याने तिन्ही फायनलमध्ये गोल मारले होते, तो चार भावांतला तिसरा. घरी जमीन दीड एकर. तो घरजावई म्हणून यायला तयार होईल यात शंका नव्हती. प्रश्न फक्त चिखलबोडीत बिनभावाची, लग्नाची मुलगी कोणाकडे आहे, हा होता. खुशालने सगळं गाव मनातल्या मनात फिरून पाहिलं. अशी मुलगी एकच निघाली. ती लटारूची पुनम.

खुशाल दोन दिवस थांबला, मग एक चांगला मरळ मासा घेऊन लटारूच्या घरी गेला. लटारूची बायको ताराबाई हिने मासा घेतला, पण खुशालला बसायला पाट द्यायला वेळ लावला. खुशालने प्रणितचं सगळं सांगितलं. निर्व्यसनी आहे, कामाला वाघ आहे, डोंगा वल्हवतो. फुटबॉलचं नाव काढलं नाही. पुनम चुलीजवळून म्हणाली, "त्याले मी तीन फायनल पाह्यलं. पोट्टा चांगला आहे. पर गोल मारला का शर्ट काहाडून फेकते. तो शर्ट मी उचलनार नाई, हे सांगून ठेवा."

म्हणजे मुलीची हरकत नव्हती. लटारू बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "माही बी हरकत नाई. फक्त दोन कोंबडे."

खुशालने दोन कोंबडे कबूल केले. मार्गशीर्षात लग्न झालं. पत्रिका शंभर छापल्या, त्यातल्या वीस उरल्या. लाल जाड कागद, वर गणपती. कागद चांगला म्हणून लटारूने त्या जपून ठेवल्या. रेफरीला कार्डं लागतात, आणि त्याचं जुनं लाल कार्ड उन्हाने गुलाबी झालं होतं.

माघात पाणी आटलं, खांब रोवले गेले. प्रणित सासऱ्याच्या घरून सकाळी मासे विकायला जाई आणि संध्याकाळी गोल मारी. लटारू फक्त फायनलला शिट्टी घेत असे, त्यामुळे चैत्रापर्यंत कोणाच्या काही लक्षात आलं नाही. चैत्र लागल्यावर हरणटोल्याचे लोक डोंग्यातून येऊन विचारून गेले, की सासरा रेफरी आणि जावई खेळाडू हे कसं चालायचं? त्यांना गावाने लटारूची सव्वीस वर्षं सांगितली. त्यांनी मान डोलावली, पण जाताना मागे वळून बघत गेले.

खरी अडचण ताराबाईच्या लक्षात आली, तीही फायनलच्या सकाळी. जावयाला घरात कोणी नावाने हाक मारत नव्हतं. तो आधी जेवे, मग घर जेवे. सासरा त्याच्यासमोर खाटेवर बसत नसे.

"तुमी जवायावर शिट्टी वाजवान?" तिने विचारलं. "शिट्टी ढोरावर वाजवतेत."

"मैदानात तो जवाई नाई राहत," लटारू म्हणाला. "तिथी तो नऊ नंबर आहे."

"मी नऊ नंबरचे पाय नाई धुतले. जवायाचे धुतले. शिट्टी वाजवली तं घरी येऊ नका."

लटारूने शिट्टी गळ्यात घातली आणि न जेवता निघाला. गावाशी बेईमानी केली असं सव्वीस वर्षांत त्याला खुशालशिवाय कोणी म्हटलं नव्हतं, आणि खुशालही ते लटारूने खरी शिट्टी वाजवली म्हणून म्हणत होता. आज खोटं वागलं तर दोन गावं बोलतील, खरं वागलं तर बायको.

कोपऱ्यावरच्या खुंटीला दोन कोंबडे बांधलेले होते. पाळीवर दोन्ही गावं बसली होती. सामना सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला प्रणितने हरणटोल्याच्या एका पोराचा शर्ट धरून ओढला. लटारूने शिट्टी तोंडाला लावली, पाळीकडे पाहिलं, ताराबाई उभी राहिली होती. त्याने शिट्टी खाली सोडली आणि दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. मग चालत प्रणितजवळ गेला, हात जोडले आणि म्हणाला, "जवाई, तुमी त्याचा शर्ट धरला जी."

"चुकलं, मामाजी," प्रणित म्हणाला आणि वाकून पाया पडला.

फ्रीकिक दिली गेली. मग हेच चाललं. प्रणितकडून काही झालं की लटारू हात वर करी, चालत जाई, हात जोडी, जावई पाया पडे. हरणटोल्याचे लोक ओरडले, की यात वेळ जातो. लटारूने तेवढा वेळ सामन्याच्या शेवटी वाढवून देऊ असं सांगितलं आणि अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजत राहिला. मध्यंतराच्या आधी प्रणितने गोल मारला आणि शर्ट काढून फेकला. शर्ट तिथेच पडून राहिला. पुनम दुसरीकडे बघत होती. शेवटी तोच जाऊन घेऊन आला. उत्तरार्धात हरणटोल्याने बरोबरी केली.

शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा हरणटोल्याला कॉर्नर मिळाला. चिखलबोडीचे सगळे मागे आले, प्रणितही आला. चेंडू आला, गोलकीपर पुढे धावून चुकला, आणि गोलात जाणारा चेंडू प्रणितने दोन्ही हातांनी बाहेर ढकलला. दोन्ही गावांनी पाहिलं. खुशालनेही पाहिलं, आणि मग तो कोंबड्यांकडे पाहू लागला.

पाळीवरचे लोक उभे राहिले. लटारू चालत गेला. हात जोडले.

"जवाई, हात लागला."

"लागला, मामाजी."

लटारूने खिशातून लाल कार्ड काढून वर धरलं. त्यावर गणपती होता. प्रणितने सवयीने हात जोडून नमस्कार केला. हरणटोल्याकडचे काही लोक हसले, पण लटारू हसला नाही. त्याच्यापुढे आता वेगळाच प्रश्न होता.

"थांबा जी," तो म्हणाला. "जवायाले खाली हातानं नाई काहाडत." आणि त्याने पाळीकडे तोंड करून ताराबाईला नारळ आणि दुपट्टा आणायला सांगितलं.

ताराबाई भांडायच्या तयारीने उभी होती. आता ती आजूबाजूला नारळ शोधू लागली. पाळीवर नारळ कुठून असणार? लटारू कोपऱ्यावर गेला, दोन्ही कोंबडे सोडले आणि जावयाच्या एकेका हातात एकेक दिला. स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या खांद्यावर घातला. त्याला रेषेपर्यंत पोचवलं, रेषेपलीकडे दहा पावलं सोबत गेला. पुनम पाळीवरून उतरली आणि एक कोंबडा तिने घेतला. दोघं घराच्या वाटेने वळून दिसेनासे झाल्यावर लटारू परत आला आणि पेनल्टीची शिट्टी वाजवली. ताराबाईने ती ऐकली आणि खाली बसली.

हरणटोल्याने गोल मारला. पाया पडण्यात गेलेला वेळ लटारूने ठरल्याप्रमाणे वाढवून दिला, पण दहा जणांनी चिखलबोडीला काही जमलं नाही.

"आपन त्याले गोल माराले आनलं होतं, लटारू," खुशाल म्हणाला.

"मारला ना जी. अडवाचं काम त्याले कोनं सांगतलं होतं?"

संध्याकाळी पंगत बसली. प्रणित कोंबडे घरी डालग्याखाली ठेवून आला होता. तो हरणटोल्याचा जन्मलेला आणि चिखलबोडीचा जावई, त्यामुळे पंगतीत पहिला पाट कोणाला, यावर वादच झाला नाही. खुशाल बकेट घेऊन आला आणि पहिलं वरण त्याच्या पत्रावळीवर वाढलं. "बस, काकाजी, थोडंच," प्रणित म्हणाला. शेजारी तोच म्हातारा होता. त्याने चव घेऊन सांगितलं, की या वर्षी जमलं. तेवढ्यात सूरज मागून येऊन खुशालच्या कानाशी म्हणाला, की जावई सासऱ्याच्याच घरी राहतो, म्हणजे दोन्ही कोंबडे लटारूच्याच घरी गेले. खुशालने बकेट या हातातून त्या हातात घेतली. मग पुढच्या पानाकडे वाकला.

लाल कार्ड मिळालेल्याने पुढचं वर्षभर खेळायचं नाही, असा दोन्ही गावांचा नियम होता. त्या पावसाळ्यात लटारूचे गुडघे पार गेले, आणि शिट्टी कोणाला द्यायची हा विषय टपरीत निघाला. हरणटोल्याने डोंग्यातून निरोप पाठवला, की प्रणितला द्या, तो आमचाही आहे आणि तुमचाही. खुशालने बोटांवर हिशेब केला. आणलेला खेळाडू गेला होता आणि गावात आयता रेफरी आला होता. मेहनतान्याचं विचारलं तेव्हा प्रणित हात जोडून म्हणाला, तुम्ही म्हणाल ते. गावच्या जावयाशी घासाघीस कशी करणार? खुशालने स्वतःच्या तोंडाने तीन कोंबडे सांगितले. लटारू कोपऱ्यात जाळं विणत होता. त्याने या वेळी चहा पूर्ण प्यायला.

पुढच्या वर्षीही चिखलबोडी हरली. दोन हजार पंचवीसच्या फायनलमध्ये मात्र शेवटच्या मिनिटाला हरणटोल्याच्या बचावपटूचा चेंडूला हात लागला. तो प्रणितचा सख्खा भाऊ. प्रणितने शिट्टी वाजवून पेनल्टी दिली, चिखलबोडी जिंकली, आणि खुशाल पहिल्यांदा पंगतीत मांडी घालून बसला. वरण पातळ होतं, पण तो काही बोलला नाही.

लटारू ते पाहायला नव्हता. तो त्याच वर्षी माघात, तलाव आटत आला असताना, एका बुधवारी सकाळी वारला.