आहेरात गेलेली कादंबरी

देऊळघाटच्या जयमालाबाईंनी आपल्या कादंबरीत तीन पूर, दोन वणवे आणि एक कडेलोट घातला होता. पण स्वतः त्या कधी एकट्या बसमध्ये चढल्या नव्हत्या. कुठंही जायचं म्हटलं की नवरा, शेषराव, सोबत. माणूस मोठा काळजीवाहू. बायको रोज दुपारी रजिस्टरात काय लिहिते हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. "लोणच्याच्या रीती हायेत," असं तिनं सांगितलं आणि अकरा वर्षं त्यांनी ते खरं मानलं.

त्या लोणच्यात रेवती नावाची नायिका होती. ती घोड्यावर बसून पुरातून प्रियकराकडे जायची. दोन प्रकाशकांनी तिला परत पाठवलं. तिसरे, बुलढाण्याचे भगवंतराव, म्हणाले, "प्रेम झकास आहे बाई, पण घोडं तेवढं काढा. आपल्याकडची बाई कुठं घोड्यावर बसते?" जयमालाबाईंनी मान डोलावली आणि घोड्याच्या शेपटीलाही हात लावला नाही. शनिवारी संध्याकाळी भगवंतराव छपाईसाठी पुण्याला निघणार होते. त्याआधी रजिस्टर पोचलं तर ठीक, नाहीतर रामराम.

नेमकं शनिवारीच धाड गावी शेषरावांच्या भाचीचं, प्रतीक्षाचं लग्न. जयमालाबाईंनी डोकं दुखायचं सोंग घेतलं. रजिस्टर कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी ते साडीच्या खोक्यात घातलं. आहेराची साडीही त्याच दुकानाच्या, तसल्याच खोक्यात. एक खोकं शेषरावांच्या काखेत दिलं. ते गेल्यावर दुसरं, भगवंतरावांचं नाव घालून, बसच्या ड्रायव्हरकडे सोपवलं आणि बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

बारा वाजता फोन आला. "बाई, खोक्यातून जांभळी साडी निघाली. हिच्यातलं मी काय छापू?"

म्हणजे रजिस्टर शेषरावांच्या काखेतून लग्नाला गेलं होतं! रजिस्टराची दुसरी प्रत नव्हती. आणि धाडच्या मांडवात आहेर नुसता देत नाहीत. तो नावानिशी माइकवर पुकारतात आणि साडी उघडून दाखवतात! शेषरावांना चार फोन केले. बँडच्या दणदणाटात त्यांना एकही ऐकू गेला नाही.

मग जयमालाबाईंनी चपला घातल्या आणि धाडकडे जाणारी जीप पकडली. एकट्या. दोन वळणं त्या देवाचं नाव घेत होत्या. तिसऱ्या वळणावर तोंडावर वारा आला आणि त्यांना चक्क मजा वाटायला लागली. तेवढ्यात धाडच्या अलीकडे जीप पंक्चर झाली.

मागून गोकुळ आपली घोडी घेऊन येत होता. संध्याकाळच्या वरातीची सुपारी होती त्याची.

"काकू, काऊन उन्हात उभ्या हा?"

"प्रतीक्षाच्या मांडवात जायचं हाय बाबा, लय घाई हाय!"

"मंग बसा घोडीवर. गरीब हाय ते. फक्त बँड वाजला का नाचते."

दगडावर पाय ठेवून, पदर खोचून जयमालाबाई घोडीवर बसल्या. अकरा वर्षं कागदावर पळवलेलं घोडं कधी खरंच आपल्याखाली येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

इकडे मांडवात मुलीचे काका शंकरराव आहेर पुकारत होते. "देऊळघाटचे शेषराव यांच्याकडून..." खोकं उघडलं तर रजिस्टर. हातात येईल ते माइकवर वाचायची त्यांना सवय. त्यांनी तेही वाचायला घेतलं. पाच मिनिटांत बायका सरसावून बसल्या. आचारी ओरडला, "पंगत बसू द्या हो, बुंदी मऊ होऊन राह्यली!"

"तू चूप बस बे!" बायकांतल्या झुंबरबाई कडाडल्या. "पोरगी पुरात हाय अन् याले बुंदीचं पडलं!"

शंकरराव वाचत होते, "रेवतीनं घोड्याला टाच मारली..." तेवढ्यात बँडवाल्यांना वाटलं, आहेर आटोपले. त्यांनी ताशावर काडी मारली. घोडी वेशीपासून उधळली, ती जयमालाबाईंना घेऊन थेट मांडवात नाचत शिरली.

"आली! रेवती आली!" सगळा मांडव उठून उभा राहिला.

जयमालाबाईंनी घाबरत नवऱ्याकडे पाहिलं. शेषराव पहिल्याच रांगेत होते. डोळे ओले.

"जयमाला," ते म्हणाले, "हे कोणतं लोणचं वं? मले आजवर चाखू नाही दिलं!"

जयमालाबाईंना एकदम हसू आणि रडू आलं. तेवढ्यात फोन वाजला. भगवंतराव होते, आवाज पडलेला.

"बाई, घोटाळा झाला. तुमची जांभळी साडी आमच्या हिनं नेसली. आता परत कोणत्या तोंडानं मागू? रजिस्टर सहापर्यंत आणा, छापतो. फक्त ते घोडं..."

घोडी माइकसमोरच खिंकाळली.

"राहू द्या घोडं," भगवंतराव म्हणाले.

शेषराव लगबगीनं उठले. "चाल, बुलढाण्याची बस लागली हाय. मी येतो संगं."

"तुमी कायले?" जयमालाबाईंनी रजिस्टर काखेत मारलं. "आहेर राह्यला हाय आपला. तुमी नवी साडी घेऊन या. मी जाईन एकटी."