मुलाण्यांच्या घरचा मदरबोर्ड

बुधवारी सकाळी हसिना मुलाणीनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, पण पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. आदल्या संध्याकाळी पौडात विजेचा दाब इतका चढला होता की घरातले दोन बल्ब उडाले होते. पिरंगुटच्या पंपांच्या कंपनीतला वाल्मीक शेजारीच राहायचा. तो कॉम्प्युटरची पेटी उघडून बघून गेला.

"वैनी, मदरबोर्ड गेलाय. नवा घ्यावा लागंल. पण तुमच्या पेटीत बसंल असाच बघून घ्या."

१९८९ सालच्या पौडात घरी कॉम्प्युटर असलेलं दुसरं घर नव्हतं. हसिनाच्या भावानं तो मस्कतहून खास बहिणीसाठी आणला होता. ती टायपिंगच्या परीक्षा पास झालेली. कंपनीनं तिला पंपांचं नव्वद पानांचं इंग्रजी माहितीपुस्तक टाइप करायला दिलं होतं. सोमवारी सकाळी ते पोचलं नाही, तर पुढचं सगळं काम पुण्याच्या कुणा टायपिस्टकडे जाणार होतं. सत्तर पानं फ्लॉपीत तयार होती, आणि फ्लॉपी उघडायला यंत्र नव्हतं.

हसिनानं पेटीची लांबीरुंदी मोजली, जुन्या बोर्डावरची अक्षरं कागदावर उतरवली आणि कागद नवऱ्यापुढं धरला. इलाहीचं बाजारपेठेत सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं कागद न वाचताच टेबलावर ठेवला.

"वीस वर्सं पुण्यातनं सामान आणतोय मी. मला चिठ्ठी लागतीय व्हय?"

पुण्यात तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं विचारलं, "एक्सटी हवाय का एटी?"

इलाहीला दोन्ही सारखेच परके होते. पण माहीत नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "त्यात मोठा कंचा?"

"एटी."

"मग त्योच द्या."

तो मोठा बोर्ड पेटीबाहेर चार बोटं उरला. इलाही आपल्या दुकानातून लोखंड कापायची करवत घेऊन आला. "कड जरा कापली की बसतोय. हितं काय न्हाई, नुस्त्या रेघा हायेत."

"त्या रेघांतनंच समदं चालतंय," हसिना करवत हिसकावून घेत म्हणाली. "चिठ्ठी कुटं हाय?"

"टेबलावर."

"मग टेबल जाणार हुतं का पुण्याला?"

गुरुवारी तिनं तोच कागद इलाहीच्या खिशात घातला आणि खिशाला वरून सेफ्टी पिन लावली. एसटीत तिकीट फाडताना कंडक्टर त्या पिनेकडं दोनदा बघून हसला. चिठ्ठीमुळं इलाही बोर्ड बदलून बरोबर मापाचा घेऊन आला खरा, पण घरी पोचेपर्यंत त्याचं डोकं पुरतं तापलं होतं.

"वाल्मीक सांजच्याला येतोय. तवर हात लावू नका," एवढं सांगून हसिना पाणी भरायला गेली.

म्हणजे आता वाल्मीक शिकवणार. इलाहीनं स्क्रू ड्रायव्हर उचलला. बोर्ड नीट बसला, स्क्रू बसले, कार्डं बसली. पेटीतल्या विजेच्या डब्यातून आलेले दोन प्लग तेवढे राहिले. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून जो आधी हाताला लागला तो आधी लावला आणि बटण दाबलं. हसिना हंडा घेऊन दारात आली, तेव्हा पेटीतून निळसर धूर वर चढत होता.

"माल खराब दिला त्यानं," इलाही म्हणाला.

हसिनानं हंडा खाली ठेवला. चिडली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. "उद्या मी येतीया," ती इतक्या हळू म्हणाली की इलाही दोन पावलं मागं सरला.

शुक्रवारी एसटीत इलाही दुकानदाराला काय काय सुनवायचं ते पौडापासून कोथरूडपर्यंत घोकत होता. दुकानदारानं जळका बोर्ड हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाला, "प्लग उलटे लावलेत. काळ्या तारा मधे, शेजारी शेजारी यायला हव्यात." इलाही एकदम दुकानातल्या वायरींचे भाव बघू लागला.

"बरं, साहेब," दुकानदार त्यालाच विचारू लागला, "मागं कार्डांना फटी किती?"

"आठ," हसिना म्हणाली.

"साहेब, मेमरी किती टाकू?"

"सहाशे चाळीस," हसिना म्हणाली.

"साहेब, म्हणजे असं बघा..."

"दादा," हसिनाचा आवाज आणखी उतरला, "कॉम्प्युटर माजा हाय, काम माजं हाय. ह्यांचा फकस्त त्यो जळका बोर्ड हाय. त्याच्याबद्दल बोलायचं आसंल तर ह्यांच्याशी बोला."

दुकानदारानं खुर्ची तिच्याकडं वळवली. तिनं तीन बोर्ड बाजूला सारले, चौथा तिथंच चालवून दाखवायला लावला आणि काळ्या तारा कुठं येतात ते स्वतः बोट लावून बघितलं. घरी येऊन तो तिनंच बसवला. इलाहीनं उजेडाला बॅटरी धरली. पडद्यावर अक्षरं उमटली तसं त्यानं लांब श्वास सोडला आणि दुकानाकडं निघून गेला. तिथं त्यानं आल्यागेल्याला मदरबोर्ड बसवणं किती अवघड असतं ते सांगितलं. वाल्मीकलाही सांगितलं.

सोमवारी हसिनानं नव्वद पानं मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चाळली, मान डोलावली. "उत्तम. पुढचं पुस्तकही तुम्हीच करा. आणि हो, मंगळवारी विजेचा दाब चढला, तेव्हापासून आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटरही बंद आहे. तुमचे मिस्टर त्यातले जाणकार आहेत असं वाल्मीक सांगत होता. उद्या पाठवाल का?"

हसिनानं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "पाठवते," ती म्हणाली.

रात्री साहेबांचं बोलावणं ऐकून इलाहीला जेवण गेलं नाही. शेवटी तो म्हणाला, "तू येशील का संगट?"

"कशाला?"

"येतंय कुटं मला," इलाही ताटाकडं बघत म्हणाला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. हे वाक्य ती पहिल्यांदाच ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि इलाहीकडं वळून विचारलं, "बोला मुलाणी, कोणता बोर्ड घ्यावा आम्ही?"

इलाही खुर्चीतून उठला. "साहेब, बाईंना इचारा," तो म्हणाला. "मी आपला बॅटरी धराया आलोय."