डॉक्टर पायरी चढतात

डॉक्टरांना खरं तर फक्त पोट कमी करायचं होतं. तेही फार नाही, पांढऱ्या कोटाचं मधलं बटण पुन्हा लागेल इतकंच. दातांचा दवाखाना घरापासून वीस मिनिटांवर. गाडी सोडून सायकलने जावं, असं त्यांनी एका सोमवारी ठरवलं आणि संध्याकाळी सायकल घरी आणलीसुद्धा.

दुकानात त्यांच्या उंचीची एकच सायकल शिल्लक होती आणि ती निघाली डोंगरात चालवायची. मनगटाएवढे जाड टायर, पुढे धक्के पचवणारे दोन दांडे, हँडल म्हशीच्या शिंगांसारखं ऐसपैस. घंटी नाही, कॅरियर नाही, स्टँडसुद्धा नाही.

"मग ही उभी कशी करायची?" डॉक्टरांनी विचारलं.

"ही उभी करायची नसते साहेब, चालवायची असते," दुकानदार म्हणाला. डॉक्टरांना ते वाक्य इतकं आवडलं, की दुसरी सायकल मागवून घेण्याचा विचार त्यांनी तिथेच सोडला. (माणूस गोत्यात येतो तो बहुधा चांगल्या वाक्यांमुळेच.)

रविवारी डॉक्टर सायकलवरून सासरी जेवायला गेले. मॅडम, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, मागून रिक्षाने आल्या. त्या शाळेत फिजिक्स शिकवत आणि सारं गाव त्यांना मॅडम म्हणे. घरात डॉक्टरही मॅडमच म्हणत.

दारात साडू उभा. साडू म्हणजे घरातला लाडका जावई. उंच, सडपातळ, पन्नाशीतही पोटाचा पत्ता नाही. सासरे दर वाक्याला "आमचे धाकटे जावई" म्हणत. थोरल्या जावयासमोर गेल्या सतरा वर्षांत त्यांनी तोंड उघडलं होतं ते फक्त दाढ दाखवायला.

"दवाखान्यात जायला ही?" साडू सायकलभोवती एक चक्कर मारून म्हणाला. "अहो डॉक्टर, हे म्हणजे दूध आणायला रणगाडा! असल्या सायकलवर मी दर रविवारी टेकडीवरची खडकाची पायरी चढतो. न उतरता!"

"न उतरता!" सासरे आतून म्हणाले. "ऐकलंत का?"

सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरांनीही ऐकलं. आणि मग त्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला, "त्यात काय मोठंसं? मीही चढवेन."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात. पहिल्या रविवारी. सगळे या बघायला."

जेवणं झाली. परतताना मॅडम रिक्षा सोडून त्यांच्याबरोबर चालत निघाल्या.

"ती पायरी केवढी आहे, माहितीये का तुम्हाला?"

"नाही."

"सव्वानऊ इंच. सहलीला मुलांना नेलं होतं तेव्हा मोजली होती मी."

डॉक्टरांनी मनातल्या मनात सव्वानऊ इंच मोजले. सगळ्यात लांब दात जेमतेम दीड इंचाचा असतो, मुळासकट.

"सांगून टाकू का, की गंमत केली?"

मॅडम थांबल्या. "सतरा वर्षं मी ऐकतेय धाकटे जावई, धाकटे जावई. उद्या सकाळी सहाला मागच्या अंगणात या. वीट मी आणते."

दुसऱ्या दिवशी अंगणात एक वीट आडवी पडलेली, तिच्या चार फूट अलीकडे खडूची रेघ, आणि पलीकडे मॅडम. डॉक्टर जोरात पेडल मारत आले. सायकल विटेवर आदळून थांबली. डॉक्टर थांबले नाहीत.

"न्यूटनचा पहिला नियम," मॅडम म्हणाल्या. आणि मग, "लागलं का?" (क्रम लक्षात घ्यावा.)

"वेगाने पायरी चढत नाही," त्या समजावू लागल्या. "रेघ आली की अंग मागे घ्यायचं आणि त्याच क्षणी एक पेडल दाबायचं. पुढचं चाक हलकं होऊन आपोआप उचललं जातं. तुम्ही हँडल उपटताय. दाढ नाहीये ती!"

पाच दिवस डॉक्टर दाढच उपटत होते. कधी चाक रेघेआधीच उचलून विटेवर धाडकन यायचं, कधी वीट गेल्यावर उचलायचं. एकदा ते थेट खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत शिरले आणि चादरीसकट आणखी वीस फूट गेले. बाई गॅलरीतून किंचाळल्या. चादर चालत कुठे निघाली, हे त्यांना काही केल्या कळेना.

सहाव्या दिवशी पुढचं चाक हवेत उठलं आणि अलगद विटेवर टेकलं. डॉक्टरांना इतका हर्ष झाला, की त्यांनी दोन्ही हात वर केले. मागचं चाक विटेला अडलं आणि डॉक्टर कडेच्या कुंडीत बसले.

इथून खरी अडचण सुरू झाली. वीट एकाची दोन झाली, दोनाची तीन झाली. पुढचं चाक रोज चढे, मागचं रोज अडे. अर्धे डॉक्टर वर, अर्धे खाली.

"तुमचं काय होतं सांगू?" एका सकाळी त्यांच्या कोपराला पट्टी लावताना मॅडम म्हणाल्या. "पुढचं चाक चढलं की तुम्हाला वाटतं, झालं. तुम्ही खूश होऊन मागेच बसून राहता. खूश नंतर व्हा. आधी वजन पुढे टाका, हँडल पुढे ढकला आणि पेडल मारत राहा. मागचं चाक हलकं झालं की ते येतं मागोमाग."

इकडे दवाखान्यात वेगळंच शिजत होतं. तिथे कवळीवाले काका दर दोन दिवसांनी येत. कवळी घासून घ्यायची हे निमित्त, गप्पा हे काम.

"डॉक्टर, हनुवटीला काय झालं?"

"पडलो, काका."

"परवा कोपराला होतं."

"तेव्हाही पडलो."

काकांनी हवेत वास घेतला. (दातांच्या दवाखान्यात स्पिरिटचा वास यायचाच.) त्यांनी आवाज खाली आणला. "रोज होतं का हे?"

"रोज. सकाळी सहाला."

"सकाळी?"

"सकाळी बरं असतं. संध्याकाळी दमलेला असतो माणूस, मग मजा येत नाही."

"आणि घरात? घरात ठाऊक आहे?"

"मॅडमना? अहो, त्यांनीच तर सुरू करून दिलं! स्वतः समोर उभ्या राहतात, जास्त झालं की आवरतात." डॉक्टर कवळी घासता घासता रंगात आले. "पहिले पाच दिवस अजिबात चढली नाही. आता कुठे चढायला लागलीय."

"सोडा हो डॉक्टर," काका कळवळून म्हणाले. "अजून वेळ गेलेली नाही."

"आता सोडू? पहिल्या रविवारी टेकडीवर सगळ्या सासरच्या माणसांसमोर करून दाखवणार आहे मी!"

काकांनी कवळी तशीच खिशात टाकली आणि ते बाहेर पडले. काउंटरवरच्या मावशींना त्यांनी विचारलं, "किती दिवस चाललंय हे?" मावशी रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या, "महिना होत आला. या आठवड्यात जरा जास्तच पडतायत."

काका संध्याकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जात, ते डॉक्टरांचे सासरे होते.

पहिला रविवार उजाडला. टेकडीच्या पायथ्याशी सतरंजी, चहाचे थर्मास, केळ्यांचा घड, सासूबाई, धाकटी मेहुणी आणि नव्या हेल्मेटमधला साडू. सासरे मात्र कोणाशी बोलत नव्हते. डॉक्टर दिसताच त्यांनी त्यांना हाताला धरून एका झाडामागे नेलं.

"जावईबापू, मला सगळं कळलंय."

डॉक्टरांना वाटलं, चादरीचं कळलं. "चूक झाली, बाबा. भरपाई म्हणून नवी देऊन आलोय."

"नवी देऊन? म्हणजे दुसऱ्यांनाही?" सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "माझी मुलगी रोज सकाळी सहाला समोर उभी राहून तुम्हाला पाजते, यावर माझा विश्वास बसत नव्हता. काकांनी शपथेवर सांगितलं. म्हणाले, आता चढायला लागलीय असं तुम्हीच म्हणालात."

डॉक्टरांनी 'चढायला लागलीय' एकदा मनात घोळवलं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो बाबा, सायकल! सायकल चढायला लागलीय! विटांवर!"

"सायकल?"

"सायकल! हे सगळं खरचटलेलं त्यातलंच." डॉक्टरांनी बाह्या वर केल्या, पॅंट गुडघ्यापर्यंत ओढली, हनुवटी पुढे केली. सासऱ्यांनी एकेक जखम तपासली. मग त्यांच्या पोटातून कुठूनतरी हसू निघालं आणि ते झाडाला धरून हसले. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी थोरल्या जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"एवढं पडलात? त्या पायरीसाठी?"

"हो."

"मग चला. मला बघायचंय."

पायरी दोनशे पावलांवर होती. काळा, खरबरीत खडक, आणि त्याची सरळ उभी कड वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डॉक्टरांच्या विटा तिच्यापुढे अगदी सोज्वळ वाटल्या.

आधी साडू गेला. पुढचं चाक टेकलं, मागचं कडेवर आपटलं आणि त्याने पाय खाली टेकवला. "खडक ओला आहे," तो म्हणाला. खडक इतका कोरडा होता की त्यावर पापड वाळले असते. त्याने आणखी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा पाय खाली.

"दर रविवारी इथवरच होतं," धाकटी मेहुणी केळं सोलत म्हणाली. "पुढे हे उचलूनच नेतात."

मग डॉक्टर. पहिल्या वेळी घाबरून त्यांनी कडेवरच ब्रेक दाबला. दुसऱ्या वेळी पेडल खडकाला लागलं आणि ते झुडपात गेले. साडू काहीतरी बोलायला निघाला, तोच मॅडम खडू घेऊन पुढे आल्या. त्यांनी वाटेवर रेघ मारली आणि त्या पायरीच्या वर जाऊन उभ्या राहिल्या.

"खाली बघू नका. माझ्याकडे बघा."

डॉक्टरांनी हलका गिअर टाकला. सायकल सावकाश निघाली. रेघ आली.

"आता!"

अंग मागे, उजवं पेडल खाली. पुढचं चाक उठलं, कडेच्या वर गेलं, खडकावर टेकलं. डॉक्टरांच्या छातीत तो जुना हर्ष उसळला. त्यांनी दातओठ खाऊन तो गिळला.

"पुढे! पुढे! पुढे!"

त्यांनी हँडलवर अंग झोकलं, हात पुढे ढकलले, पेडल दाबलं. मागचं चाक कडेला घासलं, क्षणभर रेंगाळलं, करकरलं, आणि टुणकन वर आलं. सायकल पायरीवर होती. अख्खी! आणि डॉक्टरही होते. अख्खे!

मॅडमनी खडू हवेत उडवला. "दहापैकी दहा!" त्या ओरडल्या. त्यांच्या शाळेत आजवर कोणालाही साडेनऊच्या वर मिळालेले नव्हते. धाकट्या मेहुणीने केळं हातात असतानाच टाळ्या वाजवल्या. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. साडूने हेल्मेट काढलं, वर चढून डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि मनापासून म्हणाला, "मला शिकवाल का हो?" डॉक्टरांना समोर अख्खं गाव दिसत होतं, छपरं, टाक्या, गच्च्या, आणि ते सगळं जरा खालीच वाटत होतं. आता त्यांनी दोन्ही हात वर केले. आता हरकत नव्हती.

"बाबा!" त्यांनी अभिमानाने खाली पाहिलं. "पाहिलंत?"

सासरे रुमालाने नाक पुसत होते. "शिंक आली हो नेमकी," ते ओशाळून म्हणाले. "एकावर एक तीन आल्या. डोळे उघडले तर तुम्ही वर. मधलं काही दिसलं नाही. पुन्हा एकदा दाखवता का?"

त्यात काय मोठंसं? डॉक्टर खाली आले आणि पुन्हा गेले. मागचं चाक अडलं. पुन्हा गेले. झुडूप. पुन्हा गेले. मॅडमचं "पुढे!" साऱ्या टेकडीवर घुमत होतं. सासरे डोळे ताणून, पापणी न लववता बघत होते. चहा संपला, केळी संपली, साडू सतरंजीवर झोपून उठला. चौदाव्या वेळी डॉक्टर वाटेच्या मधोमध सायकलसकट आडवे झाले, तेव्हा सासरे काठी टेकत त्यांच्यापाशी आले आणि मायेने वाकले.

"राहू द्या, जावईबापू. माझा विश्वास आहे. गेला असाल तुम्ही वर."

"अहो!" सासूबाई मागून कडाडल्या. "जावयाबद्दल बोलताय! शुभ बोला की जरा!"