पेनीकाकांचं डुक्कर

उमू लावण्यात काय मोठंसं आहे? खड्डा खणायचा, लाकडं पेटवायची, दगड तापवायचे, केळीच्या पानांत गुंडाळलेलं डुक्कर त्यावर ठेवायचं, पोती टाकायची, माती ओढायची आणि चर्चला जायचं. प्रवचन ऐकून घरी येईपर्यंत जेवण तयार. आपण फक्त भूक घेऊन यायचं!

असं मी त्या वर्षी ख्रिसमसच्या आदल्या दिवशी बायकोला ऐकवलं. ओफा कोनफळं सोलत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "आजवर किती वेळा लावलायस?"

"बाबांना लावताना लहानपणापासून बघतोय."

"पाद्रीबुवांना मीही लहानपणापासून बघतेय. म्हणून काही मी प्रवचन द्यायला उभी राहत नाही, सेमिसी."

बायकांना या गोष्टीतलं काही कळत नाही, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणण्याइतका मी तेव्हाही मूर्ख नव्हतो.

तोवर आमच्या घरचा उमू बाबाच लावायचे. अख्ख्या हापाई बेटांवर त्यांच्या हाताचं नाव होतं. पण त्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, खड्ड्यात वाकणं जमेना, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हटलं, आता हे काम माझ्याकडे. बाबा नुसते हुं म्हणाले. हल्ली ते एवढंच बोलायचे. आणि त्याचं कारण आमच्या अंगणाच्या पलीकडे राहायचं.

त्या कारणाचं नाव पेनीकाका. बाबा आणि पेनीकाका एकाच अंगणात रांगले, एकाच माडावरून पडले, आणि चर्चच्या बँडमध्ये एकाच दिवशी भरती झाले. बाबा ट्रम्पेट वाजवायचे, काका मोठा ढोल. ख्रिसमसच्या पहाटे हे दोघं बँड घेऊन गावातून निघायचे. मी तेव्हा एवढासा होतो. लांबून ढोल ऐकू आला की आम्ही पोरं अंथरुणातून उठून, पांघरुणं अंगाभोवती तशीच गुंडाळून रस्त्यावर पळायचो. घराघरातून बायका गरम पाव घेऊन उभ्या असायच्या. आज इतकी वर्षं झाली, पण नारळाच्या दुधातल्या पावाचा वास आला की मला आधी ढोल ऐकू येतो.

गाव फिरून आले की दोघं नीरफणसाच्या झाडाखाली आपापले उमू लावायचे. शेजारी शेजारी दोन खड्डे, मध्ये कुंपण नाही. काका मीठ कमी घालतात यावर दरवर्षी भांडण व्हायचं, आणि ते भांडण झाल्याशिवाय आम्हाला ख्रिसमस झाल्यासारखा वाटायचा नाही.

मग आमच्या चर्चमध्ये फूट पडली. का पडली ते आता विचारलं तर कुणालाही सांगता येणार नाही. पेनीकाका पलीकडच्या चर्चमध्ये गेले. देव तोच, भजनं तीच, दोन्हीकडचे पाद्री एकमेकांचे मावसभाऊ, फक्त घंटा वेगळी. तेवढ्यावर निभावलं असतं. पण काकांबरोबर ढोलही गेला. ढोल आमच्या चर्चचा, असं बाबांचं म्हणणं. जन्मभर ज्याने बडवला त्याचा, असं काकांचं. आणि मग एका लग्नात, चार लोकांसमोर, बाबा त्यांना ढोलचोर म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आमच्याकडे बँडमधल्या बाकी पोरांचा सूर होता, ठेका नव्हता. त्यांच्याकडे ठेका होता, सूर नव्हता. सात-आठ वर्षं गावाने असा अर्धा अर्धा ख्रिसमस ऐकला. अगदीच काही सांगायची वेळ आली तर दोघंही नीरफणसाच्या झाडाला सांगायचे. काका म्हणायचे, "झाडा, कुणाची तरी डुकरं माझ्या रताळ्यांत शिरलीत." बाबा म्हणायचे, "झाडा, रताळ्यांना कुंपण घालतात म्हणावं." त्या झाडाने जेवढं ऐकून घेतलं तेवढं आमच्या पाद्रीबुवांनीही कधी ऐकलं नसेल.

मला ते बघवायचं नाही. दोघांचीही सत्तरी उलटलेली. बाबा दर ख्रिसमसला ट्रम्पेट पेटीतून काढायचे, फडक्याने लख्ख पुसायचे आणि न वाजवता परत ठेवून द्यायचे. यातला एक जण आधी गेला तर दुसरा उरलेलं आयुष्य कुणाशी अबोला धरणार, हा विचार माझ्या डोक्यातून जायचा नाही. पण बाबांसमोर काकांचं नाव काढायची माझी छाती नव्हती.

तर ख्रिसमसची सकाळ. मी उत्साहाने उमू पेटवला आणि सगळ्या आळीत धूर केला. लाकडं जरा ओली होती. चर्चची पहिली घंटा झाली तरी दगड काळेच. तापलेले दगड पांढुरके दिसतात हे मला ठाऊक होतं, पण माझा विश्वास असा की आतून तापले असणार. शेजारच्या खड्ड्यावर पेनीकाका माती ओढत होते. त्यांनी माझ्या दगडांकडे एकदा पाहिलं आणि झाडाकडे तोंड करून म्हणाले, "झाडा, हल्लीची पोरं दगड तापवत नाहीत, नुसते ऊन करतात."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डुक्कर ठेवलं, कोनफळं ठेवली, अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून बांधलेली मांसाची पुरचुंडी ठेवली, पोती टाकली, माती ओढली. आता दोन ढिगारे शेजारी शेजारी, अगदी जुळ्या भावांसारखे. धुरात मला माझाच हात दिसत नव्हता, म्हणून मी हुशारी केली. लाल जास्वंदीची एक फांदी तोडली आणि आमच्या ढिगाऱ्यावर रोवली. खूण!

निघताना बाबा म्हणाले, गुडघा फार दुखतोय, तुम्ही जा, मी पायरीवर बसतो. मी चमकलो. बाबांनी चर्च चुकवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. एकदा वादळात चर्चचं छप्पर उडून गेलं होतं, तेव्हाही ते वर छत्री धरून बसले होते. पण दुसरी घंटा झाली आणि आम्ही पळालो.

परत आलो तो पोटात कावळे ओरडत होते. जास्वंदीची फांदी डौलात उभी. मी कपडेसुद्धा बदलले नाहीत. चर्चला जाताना आमच्याकडे कपड्यांवरून कमरेला चटई गुंडाळतात, तीही तशीच ठेवून फावडं उचललं.

ओफा म्हणाली, "आपला झाडाच्या त्या बाजूला नव्हता का?"

"खूण डोळ्यांसमोर आहे ना. मग?"

माती सारली, पोती ओढली, आणि काय सांगू तुम्हाला, असा वास सुटला की रस्त्यावरचे दोन कुत्रे आत येऊन शहाण्यासारखे बसले. डुक्कर सोन्यासारखं भाजलं होतं. बोट लावलं की मांस सुटत होतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी पायरीवरूनच मान डोलावली. माझे डोळे भरून आले. वाटलं, आता या घरचा उमू माझा.

आमच्याकडे पहिलं ताट पाद्रीबुवांच्या घरी जातं. मी डोकं, पाठ, सगळे उत्तम भाग ताटात रचले आणि स्वतः नेऊन दिले. पाद्रीबुवांनी तिथेच एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, सेमिसी, तू बापाच्या पुढे गेलास. मी परत येताना उगाच लांबच्या रस्त्याने आलो, चार लोकांना दिसावं म्हणून.

घरी ओफा ताटं वाढता वाढता थांबली होती. "आपण कोनफळं टाकली होती," ती म्हणाली. "ही रताळी कुठून आली?"

"कमी टाकली असतील तू कोनफळं."

"कमी टाकली की त्यांची रताळी होतात?"

मी म्हटलं, एवढं काय त्यात, जमिनीत काहीही होऊ शकतं. मग ती म्हणाली, आपलं डुक्कर याच्या निम्मं होतं. मी म्हटलं, वाफेने फुगलं असेल. आणि त्याच क्षणी पलीकडच्या चर्चची घंटा झाली. त्यांच्या पाद्र्यांचं प्रवचन नेहमी लांबतं, त्यामुळे ती मंडळी आमच्यानंतर सुटतात. माझ्या हातातला तुकडा तोंडाशीच थांबला. मी हळूच मागे वळून पाहिलं. झाडाच्या त्या बाजूला दुसरा ढिगारा तसाच होता, न उघडलेला.

लपायला जागा नव्हती. पेनीकाका सीसीकाकूंना घेऊन अंगणात आले आणि आपल्या रिकाम्या खड्ड्याशी उभे राहिले. खड्ड्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कानापर्यंत तुपकट झालेलं. चार पाहुण्यांसमोर पकडलो गेलो असतो तरी मला इतकी लाज वाटली नसती. मी मनात म्हटलं, ढोलाने बोलणं बंद पाडलं, आता डुक्कर अंगणात कुंपण घालणार.

काकांनी सवयीने झाडाकडे तोंड वळवलं. "झाडा," ते म्हणाले, "मला एकदा ढोलचोर म्हणणाऱ्या माणसाला विचार—"

"झाडाला सोड, पेनी," बाबा म्हणाले.

ते पायरीवरून उठले होते. अंगण ओलांडून, कुणाचाही आधार न घेता, काकांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. हातात भरलेलं ताट होतं. ताट पुढे करून ते म्हणाले, "तुझं डुक्कर आम्ही खाल्लं. चुकलं." त्यांचा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. "त्या लग्नात बोललो, तेही चुकलं. कधीपासून सांगायचं होतं."

सीसीकाकूंनी रुमालाने डोळे टिपले. काका ताटाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मीठ कसं आहे?"

"कमी," बाबा म्हणाले.

"तुला मेल्या समुद्र आणून दिला तरी कमीच वाटणार."

आणि त्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना अशी मिठी मारली की ताटातली रताळी माझ्या पायावर पडली.

मग कुणीतरी म्हणालं, सेमिसीचा उमू तर उघडा. मी म्हटलं, घाई काय आहे. पण काकांनी माझं फावडं काढून घेतलं. आतलं डुक्कर जसं ठेवलं होतं तसं होतं. थोडं कोमट. काका म्हणाले, याला अजून हाक मारली तर उठून येईल. ओफा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

तेव्हा काकांच्या डुकरावर दोन्ही घरं जेवली, एकाच चटईवर. दुपारी काकांनी घरातून ढोल आणला आणि बाबांनी ट्रम्पेट. बाबांचा श्वास पुरत नव्हता, काकांचा हात मध्येच थांबायचा, सूर एकीकडे, ठेका दुसरीकडे. तरी रस्त्यावर माणसं जमली. मोठी मोठी माणसं, लहानपणी पांघरुणं घेऊन पळणारी.

बाबा ट्रम्पेट पुसायला बसले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. नखांत माती होती. दोन्ही गुडघ्यांवर मातीचे गोल डाग होते. चर्च चुकवून पायरीवर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांवर. मी अंगणात पाहिलं. जास्वंदीची फांदी जिथे पडली होती तिथून आमचा ढिगारा जेमतेम चार पावलं होता, आणि फांद्या काही आपोआप चालत नाहीत. मग आठवलं, पाद्रीबुवांच्या घरी जाताना मी बाबांना विचारलं होतं, तुम्ही खाऊन बघत नाही? ते म्हणाले होते, थांबतो जरा, मंडळी येऊ दे.

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "बाबा, गुडघा कसा आहे?"

त्यांनी ट्रम्पेटवरून नजर वर केली नाही. म्हणाले, "ख्रिसमसच्या दिवशी मला खोटं बोलायला लावू नकोस."

आता दोघंही नाहीत. आधी काका गेले, आणि बाबांनी त्यांच्या मागे फार दिवस काढले नाहीत. दोन्ही घरांचा उमू त्या वर्षापासून एकाच खड्ड्यात लागतो. हल्ली तो काकांचा नातू लावतो. मी फार वेळा सुचवून पाहिलं, पण माझ्या हातात फावडं द्यायला कुणी तयार नाही. माझ्याकडे एकच काम आहे. माती ओढून झाली की जास्वंदीची फांदी तोडून आणायची आणि वर रोवायची. ढिगारा एकच, त्यामुळे खुणेची तशी काही गरज नसते. पण तेवढं एक काम मी अजून चुकवलेलं नाही, आणि ओफाच्या मते मला तेवढंच जमतं.