काहिलीला मिळालेला न्याय

पुणेकरांना पाण्यावरही शिस्त लागावी या हेतूने मुठाकाठ शीडहोडी मंडळाची स्थापना झाली होती. शहराच्या पश्चिमेला, धरणाच्या फुगवट्यावर, दर रविवारी सकाळी मंडळाच्या शर्यती होत. होड्या एका जातीच्या नव्हत्या. कुणाची हलकी फायबरची, कुणाची साहेबाच्या काळातली सागवानी. तेव्हा जो आधी पोचला तो पहिला, हा रानटी नियम मंडळाने कधीच मानला नाही. प्रत्येक जातीच्या होडीला एक आकडा दिलेला असे. त्या आकड्याप्रमाणे चपळ होडीच्या वेळेत भर पडे आणि मंद होडीच्या वेळेतून वजावट होई. मग जो निकाल लागे त्याला 'न्याय्य निकाल' म्हणत. प्रत्यक्ष पाण्यावर जे दिसे, त्याला नुसता 'देखावा' म्हणत.

या देखाव्यात वारज्याची शालू कायम पहिली असे. वारज्यातली शेतजमीन इमारतींखाली गेली तेव्हा तिच्या वडिलांनी, संपतरावांनी, चारचौघांसारखी जीप न घेता मुलीला फायबरची होडी घेऊन दिली होती आणि त्यापायी भावकीची भरपूर बोलणी खाल्ली होती. राज्याच्या निवड चाचणीला मंडळातर्फे एकच जण जाई. हंगामाच्या अखेरीस न्याय्य निकालात जो वर राहील तो. वयाच्या अटीमुळे शालूची ही शेवटची संधी होती. आकड्यांची भर सोसूनही ती यादीत वरच होती, त्यामुळे मंडळाची पद्धत तिला एकंदरीत शास्त्रशुद्ध वाटे.

अशात मांजरीचे दत्तोबा टेम्पोत काहील घालून आले.

मंडळाचे चिटणीस दिगंबरपंत मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. जी वस्तू मोजता येत नाही तिच्याकडे ते संशयाने पाहत. त्यांनी काहिलीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"हे काय आहे?"

"गुळाची काहील हाय, उसाचा रस उकळायची. गुऱ्हाळ बंद पडलं. आता हिला नुसती बसवून ठिवायची व्हय? मधी बांबू रोवलाय, धोतराचं शीड लावलंय."

"हिचं तोंड कोणत्या बाजूला?"

"वारा म्हनंल त्या बाजूला."

मंडळाच्या घटनेत काहिलीला मनाई नव्हती, कारण घटना लिहिणाऱ्यांना ते सुचले नव्हते. मनाई नाही म्हणजे प्रवेश द्यायला हवा, आणि प्रवेश दिला म्हणजे आकडा द्यायला हवा. चाचणीसाठी काहील पाण्यात सोडली. ती बराच वेळ जागच्या जागी फिरली, मग कंटाळून पलीकडच्या काठाला लागली. दिगंबरपंतांनी एवढ्या एकाच चाचणीवरून आकडा काढला. मंडळाच्या इतिहासात एवढी सवलत कोणाला मिळाली नव्हती.

पुढच्या रविवारी शालू पहिली आली. बाकीचे आले, त्यांचा चहा झाला, पोहे झाले, आणि मग काहील आली. वजावट झाल्यावर काहील पहिली ठरली. आपण जिंकलो हे दत्तोबांना काही केल्या पटेना. "आवो, पोरगी कवाच आलीया की," असे म्हणत ते शाल-श्रीफळ अंगावरच्या पाण्यासकट घेऊन उभे राहिले.

काहिलीला एवढे मिळाले म्हटल्यावर बाकीच्यांनाही कंठ फुटला. मंडळाने रीतसर हरकती व सूचना मागवल्या. भवानी पेठेतले लाकडाचे व्यापारी अय्युबभाई म्हणाले, "माझी होडी सागवानी. तिच्यात मी बसतो. माझ्याकडे एकदा बघा आणि मग ठरवा." मंडळाच्या समितीने बघितले आणि देहभार सवलत मंजूर केली. निवृत्त मुख्याध्यापिका विजयमालाबाईंची हरकत अधिक मूलगामी होती. शालूची होडी पुढे असल्यामुळे मागच्यांना तिचा उष्टा वारा मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. "मी कोणाचं उष्टं आजवर घेतलेलं नाही," असे त्या भर सभेत बोलल्या. उष्टा वारा सवलत एकमताने मंजूर झाली आणि तिचा भार, नैसर्गिक न्यायाने, वारा उष्टा करणाऱ्या शालूच्या वेळेवर टाकण्यात आला.

आता मागे राहण्यात जो फायदा होता तो पुढे जाण्यात नव्हता, आणि पुणेकराला फायदा समजावून सांगावा लागत नाही. अय्युबभाईंनी होडीच्या बुडाला दोन बादल्या टांगल्या. विजयमालाबाई शीड अर्धे गुंडाळून मेथी निवडत येऊ लागल्या. त्यातून नवाच पेच उभा राहिला. जो जास्त मागे राहील त्याची पुढच्या खेपेची वजावट वाढे, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याला आधी निघण्याचा आग्रह करू लागला. "अहो, आपण व्हा ना पुढे," "छे छे, आधी आपण," असे करता करता दुपार होई. पुण्यात एवढे सौजन्य यापूर्वी कोणी पाहिले नव्हते.

अखेर एका रविवारी शिट्टी वाजली आणि शालूखेरीज कोणी निघालेच नाही. ती एकटी फेरी मारून आली. काठावर सगळे टाळ्या वाजवत उभे होते. शर्यत रद्द होईल असे तिला वाटले, पण समिती इतकी निर्दय नव्हती. न निघालेल्या होड्या निघाल्या असत्या तर त्यांना किती वेळ लागला असता, हे समितीने न्यायबुद्धीने ठरवले आणि त्यावर नेहमीच्या वजावटी दिल्या. शालू शेवटची आली.

हंगामाच्या यादीत ती एकदम खाली घसरली. तिला रडू आले, आणि रडू आल्याचा संताप आला. तशीच ओल्या कपड्यांनी ती दिगंबरपंतांच्या खोलीत शिरली.

"काका, पाण्यावर मी एकटी होते. मी शेवटची कशी?"

"आपण निघालात, हीच आपली अडचण झाली. बसा. खुर्ची ओली होईल, उभ्या राहा."

"पण दर वेळी मी पहिली येते!"

"पहिलं येणं हा होडीचा गुण झाला. आपला कोणता?"

"मग माझा गुण कोणता?"

"एकूण वेळेतून होडी वजा करायची, वारा वजा करायचा, वडिलांची जमीन वजा करायची. उरेल तो आपला. आम्ही वजा करून पाहिलं." दिगंबरपंतांनी चष्मा पुसला. "काही उरलं नाही."

त्या क्षणी शालूने ठरवले की वार्षिक सभेत ठराव मांडायचा: सर्व सवलती रद्द कराव्यात, आणि जो आधी येईल तो पहिला मानावा. आठवडाभर ती आरशासमोर भाषण घोकत होती. तिचे म्हणणे खरे होते, आणि खरे बोलण्याचा आनंद तिला पहिल्यांदाच मिळत होता.

सभेच्या दिवशी दिगंबरपंतांनी तिला जिन्यातच गाठले.

"ठराव मांडा, अवश्य मांडा. पडेल. सवलत सोडायला मत देणारा माणूस अजून पुण्यात जन्माला यायचाय. पण समितीला आपल्याबद्दल सहानुभूती आहे. इतरांच्या सवलतींमुळे ज्याचं नुकसान झालं, त्याला काय म्हणायचं? पूरग्रस्त, धरणग्रस्त, तसा सवलतग्रस्त. अशांसाठी आम्ही वेगळी सवलत काढली आहे. लाभार्थी सध्या एकच. ती लावली की आपण यादीत पहिल्या, आणि चाचणीला आपणच. फक्त ठराव आणि सवलत दोन्ही एकाच व्यक्तीला घेता येत नाहीत."

शालूने जिन्याच्या कठड्याला हात लावला. तिला भावकी आठवली. चाचणी आठवली. मग ती वर गेली.

सभेत तिचे नाव पुकारले गेले. ती उभी राहण्याआधीच मागच्या बाकावरून दत्तोबा उठले.

"पोरीच्या ठरावाला माजं अनुमोदन हाय. माजी काहील मागं ऱ्हाती, कारन ती काहील हाय. त्यात अन्याव कसला? पोरगी पुढं जाती ते समद्यांना दिसतंय. तिला पहिली म्हना आन् मोकळं व्हा."

ज्याच्याकडे मंडळातली सर्वांत मोठी सवलत होती तो माणूस ती सोडायला उभा होता. अय्युबभाई खाली बघू लागले. विजयमालाबाईंनी चष्मा काढला. कोण जाणे, त्या घटकेला ठराव मंजूरही झाला असता.

"मी ठराव मागे घेते," शालू म्हणाली.

दत्तोबा तिच्याकडे पाहत तसेच उभे राहिले. त्यांना ऐकू आले नसावे असे समजून अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. शालू त्या वर्षी चाचणीला गेली आणि मंडळाने तिला हार घातला. दत्तोबांनी काहील टेम्पोत घालून मांजरीला परत नेली.

शालूचा राग आलेल्या वाचकांनी तो मंडळाकडे लेखी कळवावा. मात्र आजवर ज्या ज्या ठिकाणी आपण स्वतःपुरता नियम वाकवून घेतला, तेवढी वजावट त्यातून केली जाईल, आणि उरेल तेवढाच राग ग्राह्य धरण्यात येईल.