रुपरावांनी तीन झाडं सर केली!

“लिहून ठेव! शेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा हात लावला अन् पहिल्याच डावात तीन झाडं सर! अख्ख्या नागपुरात दुसरा माणूस दाखवून दे मले!”

रुपरावांनी ही घोषणा चपला काढायच्या आधीच केली. गोपिकाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“हापिसातून झाडावर चढाले गेले होते का?”

“खरी झाडं नाही वं! व्हिडिओ गेम!”

ही गोष्ट १९८५ सालच्या नवरात्रातली. धरमपेठेत, रुपरावांच्या गल्लीच्या तोंडाशी, मधुसूदन नावाच्या तरुणाने व्हिडिओ गेमची तीन यंत्रं मांडून दुकान थाटलं होतं. गल्लीतल्या आयाबापांनी पहिल्याच दिवशी त्याला जुगाराचा अड्डा ठरवून टाकलं. दाराला पडदा आहे, आत अंधार आहे आणि लोक बटणं दाबतात, आणखी काय पुरावा पाहिजे? बिचाऱ्याने शेवटी पाटी लावली, ‘खंडेनवमीपर्यंत सर्व खेळ फुकट!’ तरी कुत्रं फिरकेना. फिरकले ते एकटे रुपराव, कारण चष्मा कचेरीत विसरला असला तरी ‘फुकट’ एवढा शब्द त्यांना रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येई.

ते माकडाच्या यंत्रापुढे उभे राहिले. दोन्ही हातांनी दांडा धरला आणि काय सांगावं! माकड सरसर झाडावर चढलं, वरून येणारे दगड चुकवले, पिवळी फळं गोळा केली, दुसऱ्या झाडावर उडी घेतली. कधीकधी दांडा डावीकडे ओढला की माकड उजवीकडे जाई, पण नवं यंत्र आहे, हाताला सवय व्हायला वेळ लागतोच. पडद्याच्या तळाशी इंग्रजीत काहीतरी उघडझाप करत होतं. ती शाबासकी असणार, हे रुपरावांनी ओळखलं. मधुसूदन मागे उभा होता. त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

“काका, मजा आली?”

“मजा? अरे, तू उद्या पाहाजो माझा फळा!”

आता हा फळा काय ते सांगायला हवं. रुपरावांच्या कुंपणाच्या भिंतीवर एक काळा फळा होता. वर कायमचं रंगवलेलं, ‘आज काय फुकट?’ शहरात जिथे जे फुकट मिळतंय ते रुपराव शोधून काढत आणि गल्लीच्या भल्यासाठी खडूने लिहीत. हेतू सोन्यासारखा, पण नशीब शेणासारखं! मोफत गुलाबाची रोपं म्हणून त्यांनी वीस घरांत आणवली, ती वाढून गाजरगवत निघाली. मोफत भजनसंध्या म्हणून माणसं पाठवली, तर तिथे विम्याच्या एजंटांनी दार लावून तीन तास व्याख्यान दिलं. गणपतीच्या बैठकीत ठराव झाला की आणखी एक शिफारस फसली तर फळा काढायचा आणि बालवाडीला देऊन टाकायचा.

रुपरावांना हे फार लागलं होतं. कचेरीत सतरा वर्षं ते दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहीत आले होते. स्वतःच्या मनाच्या चार ओळी लिहाव्यात आणि कोणी थांबून वाचाव्यात, अशी जगात त्यांची एवढीच एक जागा होती.

म्हणून या खेपेला त्यांनी जीव ओतला. ‘गल्लीत फुकट व्हिडिओ गेम! खंडेनवमी शेवटचा दिवस! विटा फोडण्याचा खेळ: बांधकाम खात्यातील मंडळींनी अवश्य पाहावा. मोटारींचा खेळ: स्कूटर शिकणाऱ्या भगिनींस उपयुक्त, आदळलं तरी लागत नाही. माकडाचा खेळ: सर्वोत्तम. माकड संत्री तोडते. जुगार नाही. स्वतः खेळून खात्री केली आहे, तीन झाडं सर!’

संत्री वाचून गल्ली विरघळली. आपलीच संत्री पडद्यावर आली म्हणजे खेळ घरंदाज असणार! खंडेनवमीला पाच वाजता सगळी गल्ली दुकानात हजर. बायका जरीकाठी नेसून, पुरुष टोप्या घालून, पोट्टे केस चापून बसवून. आणि सगळ्यांच्या पुढे हातात पूजेचं ताट घेऊन जिजाबाई!

जिजाबाई गल्लीत सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांचे यजमान तीस वर्षं गिरणीत मेकॅनिक होते, त्यामुळे शिलाई मशीनपासून रोडरोलरपर्यंत कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचा शब्द शेवटचा.

“आज खंडेनवमी होय ना गा?” त्यांनी मधुसूदनला विचारलं. “तुह्या यंत्राइची पूजा झाली का?”

“नाही आजी, एकटाच आहो...”

“बाप्पा बाप्पा! अन् तसेच चालवून राहिला?”

पुढचं फार भराभर घडलं. तिन्ही यंत्रांना हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या. जिजाबाई माकडाच्या यंत्राच्या कोपऱ्यावर नारळ फोडणार एवढ्यात मधुसूदनने आडवा हात घातला आणि तो नारळ उंबऱ्यावर फुटला. आरती झाली. सगळ्यांनी खोबरं खाल्लं. रुपरावांनी खाकरून अस्तन्या सरसावल्या.

“चला! आता पहिला नंबर कोणाचा?”

“हात नोको लावू!” जिजाबाई गरजल्या. “पूजा झाली. आता उद्या दसऱ्याच्या सोन्यापर्यंत यंत्राले हात लावाचा नाही. आमच्या गिरणीत साहेबसुद्धा लावत नव्हता!”

“पण जिजाबाई, फुकट आजच आहे!”

“मंग पूजा काहून करू देली?”

 साठ माणसं सावकाश रुपरावांकडे वळली. मागच्या रांगेतून गणपती मंडळाचे अध्यक्ष महादेवराव म्हणाले, “बालवाडीवाल्या बाईले निरोप धाडू का गा, फळा घेऊन जा म्हणून?”

रुपरावांनी सरसावलेल्या अस्तन्या पुन्हा खाली केल्या. फळा जाणार! आता गल्लीत त्यांचं लिहिलेलं कोणी वाचणार नाही!

तेवढ्यात माकड हललं.

कोणी हात लावला नव्हता. माळेच्या आडून ते सरसर झाडावर चढलं, दगड चुकवले, संत्री गोळा केली.  मग जिजाबाईंनी हात जोडले.

“मारुतीराया! स्वतः खेळून राहिले!”

सगळी गल्ली मटकन खाली बसली. बायकांनी पदर सावरला, मुलं मांडीत घेतली. दुसरं झाड झालं, टाळ्या! तिसरं झालं, शिट्ट्या! तिसऱ्या झाडावरून माकड पडलं की सगळे हळहळत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं की जयजयकार करीत. दोन तास कोणी उठलं नाही. “रुपराव, लई मस्त जागा सांगितली गा!” असं महादेवराव स्वतःहून म्हणाले!

रुपराव मात्र हसत नव्हते. त्यांनी आज चष्मा लावला होता. हेच झाड, हाच दगड, हीच उडी. त्यांचा डाव! आणि तळाशी उघडझाप करणारी ती शाबासकी आता स्पष्ट वाचता येत होती, ‘खेळ सुरू करण्यासाठी बटण दाबा’ अशा अर्थाची. रुपरावांचे कान तापले.

सगळे गेल्यावर ते मधुसूदनपाशी गेले.

“त्या दिवशी मी खेळलोच नव्हतो ना रे?”

मधुसूदन माळा सारख्या करत राहिला. “कोणी खेळत नसलं की यंत्र नमुना दाखवते, काका.”

“मंग तू बोलला काहून नाही?”

“सहा दिवस दुकानात कोणी आलं नव्हतं. तुम्ही पहिले. अन् इतके हसून राहिले होते... मी कसा टोकू?” त्याने शेवटची माळ सरळ केली. “तुमच्या फळ्यानं आज गल्ली आणली. उद्याही फुकट ठेवतो, तुमच्या नावानं.”

 रुपरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

पण दसऱ्याला खरा घोटाळा! सोनं वाटून झालं, आणि गल्लीने रुपरावांना धरून माकडापुढे उभं केलं. “मारुतीराया झाले, आता तुमची तीन झाडं दाखवा!” रुपरावांना घाम फुटला. सकाळीच त्यांनी गुपचूप येऊन खरा डाव खेळून पाहिला होता. माकड पहिल्या फांदीवरच मेलं होतं.

मधुसूदन कानाशी आला. “काका, बटन दाबूच नका.”

रुपरावांनी दांडा धरला. असा धरला, असा फिरवला, की खांदे निखळायचे बाकी! एक झाड, दोन झाडं, तीन झाडं! दुकान दणाणलं. महादेवरावांनी जाहीर केलं की फळा राहील, आणि बालवाडीला दुसरा घेऊ. रुपरावांचे डोळे भरून आले. वळून त्यांनी सगळ्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

घरी जाताना ते हवेत चालत होते.

“पाहिलं ना वं? एकालेही समजलं नाही!”

“हो ना,” गोपिकाबाई म्हणाल्या. “तुम्ही हात जोडून उभे होते तवा माकड चढूनच राहिलं होतं.”

रुपराव थांबले. “तुले दिसलं?”

“मले दिसलं. जिजाबाईले दिसलं. सगळ्याइले दिसलं.”

“मंग टाळ्या काहून वाजवल्या?”

“अहो,” गोपिकाबाईंनी आपट्याची दोन पानं त्यांच्या हातावर ठेवली, “तुम्ही फुकट सांगितलं अन् ते खरंच चांगलं निघालं, असं पहिल्यांदाच झालं ना!”